शेनिन ब्लां (द्राक्षवाण)

शेनिन ब्लां हा पांढरी वाइन तयार करण्यासाठी लावला जाणारा द्राक्षाचा वाण आहे. फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे हे त्याचे मूळ स्थान होय. आज त्याची सर्वाधिक लागवड दक्षिण आफ्रिकेत आढळते. भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीस हा वाण नाशिक जिल्ह्यात आला आणि अल्पावधीतच महाराष्ट्रातील पांढऱ्या वाइनचा एक प्रमुख आधार बनला. नाशिक, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतील बागायतदारांच्या बोलण्यात तो 'चेनिन' किंवा 'चेनिन ब्लँक' या नावाने ओळखला जातो. फ्रेंच भाषेत 'ब्लां' म्हणजे पांढरा. प्रत्यक्षात मात्र मण्यांचा रंग हिरवट आणि पूर्ण पक्व झाल्यावर सोनेरी छटेचा असतो.

खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे यांत मूलभूत फरक आहे. खाण्याचे द्राक्ष मोठ्या मण्याचे, कुरकुरीत, बिनबियांचे आणि दूरच्या बाजारापर्यंत टिकणारे असावे लागते. वाइनचे द्राक्ष लहान मण्याचे, रसाळ, बियांचे, साखर आणि आम्लता दोन्ही भरपूर असलेले असावे लागते. शेनिन ब्लां हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यामुळे त्याची बाग लावणाऱ्या शेतकऱ्याचे गणितही थॉम्पसन सीडलेस लावणाऱ्या शेतकऱ्याहून वेगळे असते.

नाव आणि उगम

ल्वार खोऱ्यातील आंजू या प्रांतात नवव्या शतकापासून हा वाण लावला जात असल्याची परंपरागत समजूत आहे. 'शेनिन' हे नाव शेजारच्या तूरेन प्रांतातील मों-शेनां या ठिकाणावरून पडले, असे मानले जाते. फ्रेंच लेखक फ्रांस्वा राबले यांच्या 'गार्गांतुआ' या सोळाव्या शतकातील प्रसिद्ध कथाग्रंथात शेनिन द्राक्षांचा उल्लेख आहे. तेथे एका मेंढपाळाच्या मार लागलेल्या पायांवर उपचार म्हणून ही द्राक्षे लावली जातात. त्या काळी हे नाव सर्वसामान्य वाचकाला परिचित होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. ल्वार खोऱ्यात या वाणाला 'पिनो द ला ल्वार' असेही म्हणतात. मात्र 'पिनो न्वार' या प्रसिद्ध काळ्या वाणाशी त्याचा गोंधळ करू नये.

जनुकीय तपासणीतून शेनिन ब्लांचे एक जनक 'साव्हान्यां' हा जुना युरोपीय वाण असल्याचे दिसून आले आहे. नाशिकमध्ये मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या 'सोव्हिन्यों ब्लां' या वाणाचेही नाते याच साव्हान्यांशी जुळते. म्हणजेच महाराष्ट्रातील पांढऱ्या वाइनचे हे दोन प्रमुख वाण एकाच कुळातील आहेत.

वेलीची आणि फळाची लक्षणे

शेनिन ब्लांची वेल जोमदार वाढणारी व भरपूर उत्पादन देणारी असते. तिचे डोळे लवकर फुटतात, परंतु फळ उशिरा पिकते. घड मध्यम ते मोठा, शंकूच्या आकाराचा आणि दाट असतो. मणी लहान ते मध्यम आणि सालीने पातळ असतात.

या लक्षणांतच वाणाचे गुण व दोष दोन्ही सामावलेले आहेत. भरपूर उत्पादनामुळे शेतकऱ्याला तो परवडतो. पण वेलीवर घडांचा भार अति झाला, की रस पातळ होतो आणि त्यापासून केलेली वाइन निःसत्त्व लागते. घड दाट असल्याने आतील मण्यांपर्यंत हवा पोहोचत नाही. त्यातच साल पातळ असल्याने पक्वतेच्या वेळी पाऊस झाला, तर मणी तडकतात व कुजतात. केवडा व भुरी हे द्राक्षावरील दोन नेहमीचे बुरशीजन्य रोग या वाणावरही येतात.

या वाणाचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे त्याची आम्लता. द्राक्ष पिकू लागले की साखर वाढते आणि आम्लता घटते, हा सर्वसाधारण नियम आहे. उष्ण प्रदेशात आम्लता फार वेगाने घटते. साखर पुरेशी होईपर्यंत रस अळणी होऊन जातो. शेनिन ब्लां मात्र उष्ण हवेतही आपली आम्लता बऱ्याच अंशी टिकवून धरतो. थंड ल्वार खोऱ्यातील हा वाण दक्षिण आफ्रिका, कॅलिफोर्निया आणि महाराष्ट्र अशा तुलनेने उष्ण प्रदेशांत रुजला, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

जगातील प्रसार

फ्रान्समध्ये ल्वार खोऱ्यात सुमारे दहा हजार हेक्टरवर शेनिन ब्लांची लागवड आहे. व्हूव्रे, साव्हेनिएर, कोतो द्यू लेयों ही त्या भागातील प्रसिद्ध वाइनक्षेत्रे याच वाणावर उभी आहेत. एकाच वाणापासून कोरडी, अर्धगोड, अतिगोड आणि फसफसणारी अशा चारही प्रकारची वाइन तेथे बनते. लेयों नदीच्या काठी शरद ऋतूत सकाळी धुके पडते आणि दुपारी ऊन येते. अशा हवेत पिकलेल्या मण्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढते. तिच्यामुळे मण्यातील पाणी उडून जाते व साखर दाट होते. एरवी नुकसान करणारी ही बुरशी तेथे इष्ट मानली जाते. तिच्यापासून होणारी गोड वाइन अनेक दशके टिकते.

दक्षिण आफ्रिकेत सतराव्या शतकात डच वसाहतीच्या प्रारंभीच द्राक्षवेली नेण्यात आल्या. शेनिन ब्लां तेथे 'स्टीन' या नावाने शेकडो वर्षे लावला जात होता. स्टीन म्हणजेच ल्वार खोऱ्यातील शेनिन ब्लां, ही ओळख १९६० च्या दशकात पटली. तोवर शेतकऱ्यांना तो आपला स्थानिक वाणच वाटत असे. जगातील शेनिन ब्लांच्या एकूण क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र आज दक्षिण आफ्रिकेत आहे. पूर्वी तेथे त्याचा बहुतांश वापर ब्रँडी आणि स्वस्त वाइनसाठी होत असे. अलीकडच्या काळात मात्र जुन्या वेलींचे जतन करून त्यांपासून उत्तम वाइन बनविण्याकडे तेथील उत्पादक वळले आहेत.

महाराष्ट्रातील आगमन

भारतात वाइन बनविण्याची परंपरा खंडित स्वरूपाची आहे. ब्रिटिश काळात काश्मीर व अन्य काही भागांत वाइनसाठी द्राक्षबागा होत्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने त्यांचा नाश केला. महाराष्ट्रात विसाव्या शतकात जी द्राक्षशेती वाढली ती मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांची. नाशिकजवळच्या ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षलागवड सुरू केली, असे या भागाच्या शेतीच्या इतिहासात नोंदवले जाते. पुढे नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे हे जिल्हे द्राक्षासाठी देशभर प्रसिद्ध झाले आणि थॉम्पसन सीडलेस हा वाण घरोघरी पोहोचला.

वाइनचा आधुनिक उद्योग पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात उभा राहिला. तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाइन तयार होऊ लागली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशांतही विकली गेली. शेनिन ब्लांचा महाराष्ट्रातील इतिहास मात्र नाशिकशी निगडित आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून परतलेले राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरातील कौटुंबिक जमिनीवर १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाणांच्या वेली लावल्या. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. आई सुलभा यांच्या नावावरून सामंत यांनी आपल्या उद्योगाला 'सुला' हे नाव दिले. सन २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. तिच्यात शेनिन ब्लांचा समावेश होता.

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइनवरील उत्पादन शुल्कात सवलत, परवाना पद्धतीचे सुलभीकरण आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे द्राक्ष वाइन पार्क, ही या धोरणाची ठळक अंगे होती. त्यानंतरच्या काही वर्षांत दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत अनेक वाइनरी सुरू झाल्या. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात 'फ्रातेल्ली' हा इटालियन भागीदारीतील उद्योग उभा राहिला. फ्रान्समधील प्रसिद्ध शँपेन उत्पादकाशी संबंधित 'शांदों' या उद्योगाने दिंडोरी येथून २०१३ मध्ये फसफसणारी वाइन बाजारात आणली. तिच्या मिश्रणातही शेनिन ब्लांचा वापर होतो. 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले.

दोन छाटण्यांचे तंत्र

ल्वार खोऱ्यात हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, ती सुप्तावस्थेत जाते आणि वसंतात पुन्हा फुटते. वर्षाला एक छाटणी व एक पीक हा तेथील निसर्गक्रम आहे. महाराष्ट्राच्या उष्ण कटिबंधीय हवेत द्राक्षवेल कधीच पूर्णपणे झोपत नाही. ती सदाहरित राहते व तिला फुटण्याची वेळ शेतकऱ्याने ठरवून द्यावी लागते. त्यामुळे येथे वर्षाला दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत रूढ झाली. खाण्याच्या द्राक्षांसाठी विकसित झालेली हीच पद्धत शेनिन ब्लांलाही लागू करण्यात आली.

पहिली छाटणी एप्रिलच्या सुमारास होते. तिला खरड छाटणी म्हणतात. काढणी संपलेल्या वेलीच्या सर्व काड्या या वेळी ओलांड्यालगत छाटल्या जातात. नव्याने येणाऱ्या काड्यांवर पुढील हंगामाचे घड आतल्या आत तयार होतात. कोवळ्या काडीतील डोळ्यात घडाचा गर्भ धरण्याची ही क्रिया भरपूर सूर्यप्रकाशावर अवलंबून असते. या काळात आभाळ सतत ढगाळ राहिले, तर डोळे वांझ निघतात. बाग हिरवीगार दिसते, पण घड कमी येतात.

दुसरी छाटणी पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. तिला गोडी बहार छाटणी किंवा फळछाटणी म्हणतात. पक्व झालेल्या काडीवर मोजके डोळे राखले जातात व सर्व डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून त्यांवर रसायनाची पेस्ट लावतात. डोळे फुटून घड बाहेर येतात आणि साडेचार ते पाच महिन्यांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या आसपास, शेनिन ब्लां काढणीस येतो.

विदर्भातील वाचकांना या तंत्राचे मर्म संत्र्याच्या बहारावरून सहज समजू शकेल. वरूड, मोर्शी किंवा अचलपूर भागातील बागायतदार संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतो आणि आंबिया किंवा मृग बहार धरतो. तेथे ताण जे काम करतो, तेच काम नाशिकच्या द्राक्षबागेत छाटणी करते. दोन्ही ठिकाणी झाडाने केव्हा फुलावे हे माणूस ठरवतो आणि दोन्ही ठिकाणी अवकाळी पाऊस तो निर्णय उधळून लावू शकतो.

खाण्याच्या द्राक्षात मणी फुगविण्यासाठी जिब्रेलिक आम्लाचा वापर होतो. बागायतदार त्याला 'जीए' म्हणतात. शेनिन ब्लांत मणी मोठा करणे अभिप्रेत नसते. मणी लहान असेल तर रसाच्या प्रमाणात सालीचा वाटा जास्त राहतो. सुगंधाचे बरेचसे घटक सालीत आणि सालीलगतच्या गरात असतात. त्यामुळे येथे भर दिला जातो तो घडांची संख्या मर्यादित ठेवण्यावर, घडालगतची पाने काढून हवा खेळती ठेवण्यावर आणि पक्वतेच्या काळात पाणी जपून देण्यावर. खाण्याच्या द्राक्षांचे वेल मांडवावर पसरतात. वाइनच्या द्राक्षांच्या काड्या बहुधा उभ्या तारांवर बांधल्या जातात.

हवामान आणि जमीन

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आणि २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जगातील नावाजलेली बहुतेक वाइनक्षेत्रे ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. त्या मानाने नाशिक विषुववृत्ताला बरेच जवळ आहे. ही उणीव तेथील हिवाळा भरून काढतो. डिसेंबर-जानेवारीत निफाड परिसराचे किमान तापमान राज्यात सर्वांत कमी नोंदले जाण्याचे प्रसंग वारंवार येतात. दिवसाचे ऊन साखर वाढविते आणि रात्रीचा गारवा आम्लता राखतो. फळ पिकण्याचा काळ कोरडा असल्याने पातळ सालीच्या दाट घडांनाही कुजण्याचा धोका कमी राहतो.

वऱ्हाडात, म्हणजे अमरावती-अकोला भागात, ही परिस्थिती वेगळी आहे. अमरावतीपासून जवळच असलेल्या वलगावसारख्या गावांच्या शिवारात भारी काळी माती आढळते. कपाशी, तूर व संत्रा यांना ती मानवते. परंतु पाणी धरून ठेवणारी जमीन द्राक्षाच्या मुळांना अनुकूल नसते. येथील भूपृष्ठ नाशिकपेक्षा कमी उंचीचे आहे, फेब्रुवारीपासूनच ऊन तापू लागते आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो. नेमक्या पक्वतेच्या काळात रात्री उबदार झाल्या, तर आम्लता टिकवून धरणाऱ्या शेनिन ब्लांचीही मर्यादा उघड होते. वाइनच्या द्राक्षाची व्यापारी लागवड पश्चिम महाराष्ट्रातच केंद्रित का झाली, याचे उत्तर या भौगोलिक फरकात सापडते.

पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र वाइनच्या वाणांवरही संशोधन करते. कोणत्या खुंटावर कोणता वाण बांधावा, किती डोळ्यांवर छाटणी करावी, किती घड राखावेत, असे प्रश्न या संशोधनात अभ्यासले जातात. महाराष्ट्रात द्राक्षवेल बहुधा डॉगरिज किंवा ११०-आर यांसारख्या खुंटांवर कलम करून लावली जाते. खुंटाची मुळे पाण्याची टंचाई व जमिनीतील क्षार अधिक चांगल्या प्रकारे सोसतात.

वाइन तयार होण्याची प्रक्रिया

शेनिन ब्लांची तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर करतात, कारण तापलेल्या फळाचा रस लवकर खराब होतो. क्रेटमध्ये भरलेले घड वाइनरीत नेऊन देठ वेगळे केले जातात आणि मणी हलक्या दाबाने पिळले जातात. पांढऱ्या वाइनमध्ये साल व बिया रसात मुरू देत नाहीत. लाल वाइनमध्ये रंग उतरण्यासाठी त्या मुरू देतात. हा दोन्ही प्रकारांतील मुख्य फरक होय. रस थंड टाकीत स्थिर ठेवला की गाळ खाली बसतो. मग निवळ रसात यीस्ट घालून पोलादी टाकीत कमी तापमानावर किण्वन केले जाते.

किण्वनात यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायूत करते. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क निर्माण होतो. म्हणून लिटरला २०० ग्रॅमच्या आसपास साखर असलेल्या रसापासून सुमारे १२ टक्के मद्यार्काची कोरडी वाइन होते. सर्व साखर संपण्यापूर्वीच टाकी अतिथंड केली, तर यीस्टचे काम थांबते व वाइनमध्ये काही गोडवा शिल्लक राहतो. महाराष्ट्रातील शेनिन ब्लांची वाइन बऱ्याचदा या अर्धगोड स्वरूपात विकली जाते. वाइनची सवय नसलेल्या ग्राहकाला नुसती आंबट चव रुचत नाही. थोड्या गोडव्याने ती सौम्य होते आणि या वाणाच्या अंगच्या आम्लतेमुळे तो गोडवा चिकट वाटत नाही. पेरू, अननस, हिरवे सफरचंद व मध यांची आठवण करून देणारा सुगंध हे तिचे वैशिष्ट्य सांगितले जाते.

वेलीवर अधिक दिवस राखून सुकत आलेल्या मण्यांपासून गोड वाइनही बनविली जाते. नाशिकची हवा काढणीच्या काळात कोरडी असल्याने ल्वार खोऱ्यातील बुरशीचे कार्य येथे ऊन आणि वारा करतात.

शेतकऱ्याचे अर्थकारण

शेनिन ब्लांची बाग लावणे म्हणजे विक्रीचे पर्याय स्वेच्छेने मर्यादित करणे होय. थॉम्पसन सीडलेसच्या मालाला भाव मिळाला नाही, तर तो दुसऱ्या बाजारात पाठविता येतो किंवा त्याचे बेदाणे करता येतात. शेनिन ब्लांचे मणी लहान, बियांचे आणि पातळ सालीचे असल्याने फळबाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. तोडणीनंतर काही तासांतच तो वाइनरीत पोहोचावा लागतो. त्यामुळे शेतकरी व वाइनरी यांच्यातील करार हा या शेतीचा कणा ठरतो. करारात साखरेचे किमान प्रमाण, फळाची प्रत आणि दर ठरलेले असतात.

याचे फायदे आहेत. मणी फुगविणे, विरळणी, निर्यातीसाठीची निवड व वेष्टन यांवरील मजुरी वाचते आणि दराची पूर्वकल्पना असते. परंतु खरेदीदार अडचणीत आला, तर शेतकऱ्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही. २००८ मधील जागतिक मंदी व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन आणि हॉटेल व्यवसाय घसरला व वाइनची मागणी मंदावली. धोरणाच्या भरवशावर झपाट्याने वाढलेल्या उद्योगात माल शिल्लक राहू लागला. अनेक वाइनरींनी खरेदी कमी केली किंवा थांबविली. नाशिक जिल्ह्यातील कित्येक शेतकऱ्यांनी त्या काळात वाइनच्या द्राक्षांचे वेल उपटून टाकले, तर काहींनी त्याच खुंटावर पुन्हा खाण्याच्या वाणाचे कलम बांधले. द्राक्षवेल लावल्यापासून चांगले उत्पादन येईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. मांडव, तारा व ठिबक यांची गुंतवणूक वेगळी. त्यामुळे उपटलेली बाग म्हणजे केवळ एका हंगामाचे नुकसान नव्हते. पुढे मागणी सावरली, टिकून राहिलेल्या वाइनरी विस्तारल्या आणि शेनिन ब्लांची लागवड पुन्हा स्थिर झाली.

सामाजिक वाद

वाइनच्या द्राक्षाची चर्चा महाराष्ट्रात केवळ शेतीपुरती राहिलेली नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान एक हजार चौरस फूट क्षेत्राच्या सुपर मार्केटमध्ये वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शाळा व प्रार्थनास्थळांजवळची दुकाने आणि दारूबंदी असलेले जिल्हे त्यातून वगळण्यात आले होते. फळउत्पादकांना हमखास बाजारपेठ मिळावी, हे त्यामागील कारण सांगण्यात आले. विरोधी पक्षाने, तसेच ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी त्याला तीव्र विरोध केला आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही.

समर्थकांच्या मते वाइन हे शेतमालाचे मूल्यवर्धन असून तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण देशी-विदेशी दारूच्या तुलनेत पुष्कळ कमी असते. विरोधकांच्या मते प्रमाण कमी असले तरी पदार्थ तोच आहे आणि घरगुती वस्तूंच्या शेजारी त्याची मांडणी झाली, तर व्यसनाला प्रतिष्ठा मिळते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यार्कयुक्त पेयांचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला असून वाइनही त्याला अपवाद नाही. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी किमान वय २१ वर्षे ठरविण्यात आले आहे.

विदर्भात या वादाला विशेष पार्श्वभूमी आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे. आपल्या कीर्तनांतून दारूविरुद्ध आयुष्यभर लोकजागृती करणारे संत गाडगेबाबा यांचे २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात निधन झाले. या परंपरेत वाढलेल्या समाजाला द्राक्षबागेचे अर्थशास्त्र आणि व्यसनमुक्तीचा आग्रह यांचा मेळ घालणे सोपे जात नाही.

सद्यस्थिती आणि आव्हाने

आज महाराष्ट्रातील बहुतेक प्रमुख वाइनरी शेनिन ब्लांची स्वतंत्र किंवा मिश्र स्वरूपातील वाइन तयार करतात. नाशिक परिसरात काढणीच्या दिवसांत द्राक्षबागा पाहण्यासाठी पर्यटक येतात आणि त्यातून स्थानिक रोजगाराला हातभार लागतो.

या वाणापुढील मुख्य आव्हान बदलत्या हवामानाचे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लांबलेला पाऊस फुलोऱ्याच्या अवस्थेत केवडा आणतो. जानेवारी ते मार्चमधील अवकाळी पाऊस व गारपीट तयार फळाचे नुकसान करतात. हिवाळ्यातील रात्रींचे तापमान वाढले, तर ज्या आम्लतेसाठी हा वाण निवडला गेला तीच कमी होण्याचा धोका संभवतो. छाटणीची तारीख पुढेमागे करणे, अधिक उंचीवरील जमीन निवडणे, योग्य खुंट वापरणे आणि घडांची संख्या नियंत्रित ठेवणे हे त्यावरील उपाय मानले जातात. यांपैकी छाटणीची तारीख तेवढी शेतकऱ्याला दरवर्षी नव्याने ठरविता येते. जमीन आणि खुंट यांची निवड लागवडीच्या वेळी एकदाच होते व तिचे परिणाम बागेच्या पूर्ण आयुष्यभर राहतात. त्यामुळे नवी बाग लावण्यापूर्वी माती-पाण्याची तपासणी करणे आणि खरेदीचा लेखी करार हाती असणे, या दोन्ही गोष्टी शेनिन ब्लांच्या लागवडीत सारख्याच महत्त्वाच्या ठरतात.